भुरकीचा पाय आणि माझा

माझ्याकडे आता दोन तऱ्हेची माणसं येतात. काही कापड घेऊन येतात, काही पाय घेऊन. कापडवाल्यांचं काय करायचं ते मला बापानं शिकवलं, कारण आमचा पिढीजात धंदा शिंप्याचा. पायवाल्यांचं मी शेजारच्या भागाआत्याकडून शिकलो आणि थोडंफार तिच्या कोंबड्यांकडून.

हट्ट्याच्या जवळचं आमचं गाव. आजूबाजूच्या वाड्यांवर आता पसरलं आहे की दत्तू शिंपी नारू काढतो. आलेला माणूस खाटेवर बसतो, धोतर वर करतो, सुजलेला पाय पुढे करतो आणि सगळे जण एकच विचारतात, "मी चालंन का पुन्हा?" मशीन थांबवून प्रत्येकाला सगळं सांगायला वेळ होत नाही. म्हणून जगातली मोठी लढाई संपल्यावरच्या या निवांतपणात एकदाचं लिहून काढतो आहे. वाचता येणाऱ्यानं वाचावं, न येणाऱ्याला कोणी वाचून दाखवावं. औषधांची माहिती यात शोधू नये. ती मला नाही.

धाग्याचं टोक

लढाई ऐन भरात होती. कापड मिळत नव्हतं, पण वैशाखातली लग्नं काही त्यासाठी थांबत नाहीत. हट्ट्याच्या एका घरच्या लग्नाचं काम माझ्याकडे होतं. नवरदेवाचा कोट, वऱ्हाडाचे सदरे, बायांच्या चोळ्या. कापड कापून झालं होतं. आणि त्याच आठवड्यात माझ्या उजव्या घोट्याच्या बाहेरच्या अंगाला एक फोड आला.

फोडाची आग अशी की पायाला निखारा बांधल्यासारखं वाटावं. मी दुपारी बारवेवर गेलो, शेवटच्या पायरीवर बसलो आणि पाय पाण्यात सोडला. काय बरं वाटलं म्हणून सांगू. तासभर बसलो. या पायरीकडे मला पुढे परत यायचं आहे, म्हणून ती लक्षात ठेवा.

दुसऱ्या दिवशी फोड फुटला आणि आतून पांढरं, बारीक टोक बाहेर आलं. शिंप्याच्या मनात पहिलं काय येणार? मला वाटलं, शिवताना धाग्याचा तुकडा चिकटला असेल. मी कातर घेऊन वाकलो. माझी बायको रखमा बाजूला चोळीला काज करत बसली होती. तिनं माझं मनगट धरलं.

"अवं, कापू नका. धागा असता तं हलला कसा असता?"

खरंच ते टोक हलत होतं. माझ्या अंगावर काटा आला, आणि खोटं कशाला बोलू, त्याच वेळी मला भारी कुतूहलही वाटलं. हे आत किती दिवस होतं? काय खात होतं? मला कसं कळलं नाही? रखमा म्हणते, तुमच्या मढ्यावर माशी बसली तरी तुमी आधी तिचे पाय मोजाल. तसा स्वभाव आहे खरा.

रखमानं भिंतीवरून भागाआत्याला हाक मारली. आमच्या आणि तिच्या अंगणात मातीची भिंत आहे, अर्धी पडलेली. तिचा नवरा गावचा न्हावी होता आणि नारू काढायचा. तो गेल्यावर ते काम तिच्याकडे आलं. तिनं पाय उजेडाकडे फिरवला, टोकावर बोट टेकवलं आणि म्हणाली, "नारूचा किडा हाय. हातभर लांब असतोय ह्यो."

मग तिनं तुरकाठीची एक काडी तासून गुळगुळीत केली, मधे चिरली, चिरेत ते टोक अडकवलं आणि एक वेढा दिला. वर ओली चिंधी बांधली.

"रोज एक आडवं बोट. त्यो देईल तेवढा घ्यायचा. ओढायचा न्हाई. आत तुटला तर पाय गेला म्हणून समज."

"किती दिवस लागतील, आत्या?"

"त्येलाच इचार," ती म्हणाली आणि कोंबड्यांना दाणे टाकायला गेली.

खाटेवरून

अंगणातल्या लिंबाखाली माझी खाट पडली. हलायचं नाही, मशीनवर बसायचं नाही. शिंपी माणूस एका जागी बसायला सोकावलेला असतो, पण हात-पाय चालू असतील तरच. नुसतं पडून राहणं मला दोन दिवसांत खायला उठलं.

भागाआत्याच्या कोंबड्या पडक्या भिंतीतून आमच्या अंगणात येत. आमच्या घरात अंडंसुद्धा येत नाही, त्यामुळे कोंबड्यांकडे मी आजवर फक्त "हुश" म्हणण्यापुरतं बघितलं होतं. कापडावर शिटतात म्हणून रखमा त्यांच्या मागे खराटा घेऊन पळे. आता मला दुसरं काही बघायलाच नव्हतं.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी कळलं की त्या वाटेल तशा खात नाहीत. काळी मोठी कोंबडी आधी. ती असताना दुसरी मधे आली की डोक्यावर टोच. तिच्यानंतर दोन तांबड्या, मग बाकीच्या. कोणी ठरवून दिलेलं नाही, पण रांग मोडत नाही. पंगतीत आमच्याकडे जेवढी भांडणं होतात त्याच्या निम्मीही नाहीत. पुढे पुढे मी दाणे फेकून बघू लागलो. एकदम लांब टाकले तर काय होतं, सगळ्यात मागच्या कोंबडीसमोर टाकले तर काय होतं. रखमा म्हणाली, "ज्वारी वर आली व्हय?"

एक कोंबडी मला कळेना. भुरक्या रंगाची, ठिपक्यांची. भागाआत्या तिला भुरकी म्हणे. ही डाव्या पायानं लंगडायची. पडली नव्हती, जखम दिसत नव्हती, तरी रोज जराशी जास्त लंगडायची. आधी ती रांगेत चौथी होती, माझ्या डोळ्यांदेखत ती पाचवी झाली, मग शेवटची. मी भागाआत्याला विचारलं, "हिला काय झालं?"

आत्या माझ्या काडीला वेढा देत होती. तिनं वर बघितलं नाही. "व्हईल बरी," म्हणाली.

माझा हात

अकरा दिवसांत काडीवर चांगले वेढे जमले. बाराव्या दिवशी हट्ट्याहून नवरदेवाचा मामा आला. लग्नाला आठ दिवस उरले होते आणि माझ्या फळीवर कापलेले तुकडे पडले होते. कापलेलं कापड परत देता येत नाही आणि नवं मिळत नव्हतं. मामा चांगला माणूस, रागावला नाही. नुसता त्या तुकड्यांकडे बघत उभा राहिला. त्याची मला जास्त लाज वाटली.

तो गेल्यावर मी चिंधी सोडली. आता हे नीट सांगतो, कारण पाय घेऊन येणारा प्रत्येक जण हीच चूक करायला टेकलेला असतो. माझ्या मनात नारूबद्दल धास्ती नव्हती. माझ्या मनात होतं की पंधरा वर्षं मी धागा हाताळतो आहे, ताण कुठवर द्यायचा ते माझ्या बोटांना कळतं. सुतात गाठ असली तरी मी न तोडता सोडवतो. भागाआत्या न्हाव्याची बायको, तिला धाग्यातलं काय कळणार? मी काडी फिरवली. एक वेढा आला. दुसरा आला. मी खूश झालो. तिसऱ्याला तो तुटला, आणि उरलेलं टोक माझ्या डोळ्यांसमोर सर्रकन आत गेलं.

संध्याकाळी पाय सुजला. दुसऱ्या दिवशी गुडघ्यापर्यंत लाल झाला आणि ताप चढला. भागाआत्या आली, तिनं काडीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. शिव्या देईल असं वाटलं होतं. ती रखमाला एवढंच म्हणाली, "गाडी जुंप. हिंगोलीला ने ह्येला."

सात दिवस

वसमतपर्यंत बैलगाडी आणि तिथून आगगाडी. प्रत्येक खड्डा पायात बसत होता. हिंगोलीत रखमाचा भाऊ असतो, त्यानं मला पाठीवर घेऊन दवाखान्यात नेलं.

डॉक्टरसाहेब हैदराबादकडचे. त्यांनी पाय दाबून बघितला आणि विचारलं, "किसने खींचा?"

"मैंनेच, साहेब."

"काम क्या करते?"

"दर्जी हूँ."

ते थोडं हसले. "धागा समझे." मग हसणं थांबवून म्हणाले, "चीरा लगाता हूँ. सात दिन देखेंगे. उतरा तो ठीक. नहीं तो घुटने के नीचे से काटना पड़ेगा."

नाकावर भुलीच्या औषधाचा रुमाल ठेवला आणि पुढचं मला आठवत नाही. जागा झालो तेव्हा पहिला हात पायाकडे गेला. पाय होता.

त्या सात दिवसांत मी फार भ्यालो. लिहायला लाज नाही. एका पायाचा शिंपी मी कधी बघितला नव्हता. मी पडल्या पडल्या मशीन चालवायचो, मनातल्या मनात, एका पायानं, आणि प्रत्येक वेळी मशीन थांबायचं.

तिसऱ्या दिवशी रखमा म्हणाली, "मी गावाकडं जाते. ते कपडे मी शिवते."

"तुला मशीन येतं कुठं?"

"तुमी बाजाराला जाता तवा येतं," ती म्हणाली.

मला इतका राग आला की मी तोंड फिरवलं. ती गेली तेव्हाही बोललो नाही. आजारी माणसाच्या रागाला घरच्यांनी फार मनावर घेऊ नये. त्याला दुसरं काही हातात नसतं.

दवाखान्यात सकाळी पट्टी सोडत. लाल दवेच्या पाण्यानं जखम धुवायची, आत फडकं घालायचं, फडकं काढायचं. ती वेळ जवळ आली की मी खिडकीकडे तोंड करी. खिडकीबाहेर भिंतीला लागून एक फुटका रांजण आडवा पडला होता, त्यात दवाखान्यात पाणी भरणाऱ्या पाणक्याची कोंबडी बसलेली असे. पिसं फुगवून, डोळे अर्धे मिटून. मी शेजारच्या खाटेवरच्या औंढ्याकडच्या म्हाताऱ्याला म्हणालो, "ती कोंबडी मरून राहिली बहुतेक."

म्हातारा खोकत खोकत हसला. "शिंपी हायेस खरा. आरं, खुडूक हाय ती. अंडी उबवून राहिली. एकवीस दिस बसंल."

मला वाटे, उबवायला बसलेली कोंबडी हलतच नसेल. तसं नव्हतं. दिवसातून एकदा ती उठायची. नेमकी माझी पट्टी सोडत त्या सुमाराला. रांजणातून बाहेर यायची, घाईनं दाणे टिपायची, पाणी प्यायची, धुळीत लोळून पंख झटकायची आणि पुन्हा आत. एकदा उन्हाची तिरीप खिडकीच्या एका गजावरून दुसऱ्यावर जाईतो हे सगळं आटपायचं. ती उठलीच नाही तर उपाशी मरेल आणि जास्त वेळ बाहेर राहिली तर अंडी गार होतील. हे तिला कोणी सांगितलं, याचा मी फार विचार केला. अजून कळलेलं नाही.

पट्टी सोडताना मी तिच्याकडे बघायचो. त्याला धीर म्हणत नाहीत. मला खरंच बघायचं असायचं की आज उठते की नाही. पाचव्या दिवशी मी पट्टी बांधणाऱ्याला म्हटलं, मलाही रोज थोडा वेळ बाहेर उन्हात बसव. तो म्हणाला, काहून? मी म्हटलं, ती कोंबडी जाते म्हणून. त्याला वाटलं ताप डोक्यात गेला, पण बसवलं.

डॉक्टरसाहेबांनी अंगात ताकद नाही म्हणून रोज एक अंडं खायला सांगितलं. मी हात जोडले. त्यांनी दूध लिहून दिलं. त्या कोंबडीसमोर बसून अंडं खाणं मला जमलं नसतं.

सातव्या दिवशी सूज उतरलेली होती. डॉक्टरसाहेबांनी बोटानं दाबलं, मान हलवली आणि म्हणाले, "रहेगा." एवढंच. मी रडलो. शेजारचा म्हातारा दुसरीकडे बघत राहिला.

आत उरलेला नारू पुढच्या पंधरा दिवसांत तुकड्यातुकड्यानं फडक्याबरोबर निघाला. पाय राहिला, पण घोटा आखडला तो सुटेना. निघायच्या दिवशी मी साहेबांना विचारलं, हा आत येतो कुठून? त्यांना वेळ होता, मला चौकशी करायची खोड होती. ते म्हणाले, पाण्यातून. नारूवाला पाण्यात पाय घालतो, नारूची डोळ्यांना न दिसणारी पिलं पाण्यात सुटतात, ती पाण्यातल्या बारीक किड्यांच्या पोटात जातात, आणि ते पाणी आपण पितो. वर्षानं नारू बाहेर येतो. "पानी कपड़े में छान के पियो. और पैर पानी में मत डालो."

मला बारवेची शेवटची पायरी आठवली. सगळं गाव त्या बारवेचं पाणी पितं. मी साहेबांना काही बोललो नाही. कोणालाच बोललो नाही.

लाल दोरा

घरी आलो तर मशीनचा आवाज अंगणात येत होता. रखमानं लग्नाचे कपडे वेळेत दिले होते आणि हट्ट्याहून दोन नवी कामं आली होती. शिलाईची तारीफ झाली म्हणे. कोट मीच कापला होता, हे मी तीन वेळा सांगितलं. तिसऱ्या वेळी ती म्हणाली, "व्हय, आन शिवला बी तुमीच." मग दोघंही हसलो. त्या हसण्यानं बरंच मोकळं झालं, सगळं नाही. गिऱ्हाईक यायचं ते आता तिच्याशी बोलायचं. मी खाटेवर बसून काजं करायचो.

भुरकीचं माझ्याहून वाईट होतं. तिचा पाय काळा पडला होता. खाटेजवळ माझी काठी असते म्हणून दुसऱ्या कोंबड्या तिथे येत नसत. ते तिच्या ध्यानात आलं असावं. ती खाटेखाली येऊन बसू लागली. मी हातावर ज्वारी धरायचो. एका सकाळी ती अगदी हाताशी आली आणि काळ्या पडलेल्या बोटांच्या मुळाशी मला लाल रेघ दिसली. मी वाकून बघितलं. दोरा होता. मासात रुतलेला, जाड, मेण लावलेला लाल दोरा.

पोळ्याच्या वेळी बैलांच्या झुली शिवायला मी तसला दोरा वापरतो. गावात दुसऱ्या कोणाकडे नाही. कातरलेले तुकडे मी वर्षानुवर्षं भिंतीपलीकडे झाडून टाकत आलो. मेणाचा दोरा कुजत नाही. उकरताना तो तिच्या पायात गुंतला आणि पाऊल टाकील तसा आवळत गेला.

मी भागाआत्याला हाक मारली. "आत्या, हा दोरा माझा हाय."

"व्हय."

"तुला ठाऊक व्हतं?"

"लाल रंग लांबून बी दिसतोय."

"मग काहून न्हाई बोललीस?"

ती भिंतीवर हात टेकून उभी होती. "तुजा सोताचा पाय भोपळ्यागत झालता. त्यात कोंबडीचा कुठं तुज्या गळ्यात बांधू? आन मला जवळचं दिसत न्हाई आता. तुज्या कातरीचीच वाट बघून राहिले व्हते."

मला तिच्याकडे बघवेना.

दिवेलागणीला कोंबड्या खुराड्यात गेल्यावर त्या गरीब होतात. आत्यानं भुरकीला फडक्यात गुंडाळून मांडीवर धरलं, रखमानं कंदील धरला आणि मी काजाची बारीक कातर घेतली. दोरा उचलून ओढावा असं हाताला फार वाटलं. सवय आहे ना. आत्या नुसती माझ्या बोटांकडे बघत होती. मी एकच वेढा कापला. करडईचं तेल सोडलं. दुसऱ्या दिवशी एक. मधला वेढा फार रुतला होता, तो तीन दिवस सुटला नाही. सहाव्या दिवशी शेवटचा तुकडा आपोआप तेलात सरकून आला. दोन बोटं वाळून गळाली. पाय राहिला.

उकरणं

कोंबडी कशी उकरते हे बघितलंय का कधी? एका पायावर उभी राहून दुसऱ्यानं माती मागे फेकते. मग पाय बदलते. दोन-तीन वेळा असं करून एक पाऊल मागे सरते आणि काय निघालं ते बघते. भुरकीला डाव्या पायावर भार देता येत नव्हता. म्हणून पहिले काही दिवस ती चांगल्या पायावर उभी राहून लंगड्या पायानं उकरायची. माती हलायचीच नाही. ती मागे सरायची, बघायची, काही नसायचं. पुन्हा तेच. मला वाईट वाटे आणि हसूही येई, कारण मीही रोज मशीनवर बसून आखडलेला उजवा पाय पायडलवर दाबून बघत होतो. पायडल हलायचं नाही.

मग एके दिवशी तिनं लंगड्या पायाचा घोटा जमिनीला टेकवला, अंग भिंतीला लावलं आणि चांगल्या पायानं उकरलं. पडली. पुन्हा केलं. आठ-दहा दिवसांत तिची एक चाल बसली. उजवा, उजवा, टेक, बघ. दुसऱ्यांसारखी दिसत नव्हती, पण किडा निघाला.

ती मला शिकवायला आली नव्हती. तिला किडा हवा होता. पण मी मशीनवर बसलो आणि उजवा पाय बाजूला ठेवून डावा पायडलवर घेतला. सगळं उलटं झालं. चाक मागे फिरलं आणि धागा तुटला. ओवला, पुन्हा तुटला. त्या दिवशी मी इतक्यांदा धागा ओवला की रखमा येऊन उभी राहिली. ती म्हणाली, "सुरवातीला चाकाला हातानं पुढं ढकला, मग पाय घाला. मी तसंच शिकले." मी तिचं ऐकलं. चार बोटं शिलाई सरळ आली. ती मी कापून ठेवली आहे.

पहिली नीट वस्तू शिवली ते पाणी गाळायचं फडकं. जुन्या धोतराचे दोन पदर, कडेनं शिवण, घागरीच्या तोंडाला बसेल असं. एक आमच्या घरी, एक भागाआत्याच्या, मग आळीत घरोघर. लोक म्हणाले, शिंप्याला काम उरलं नाही. म्हणोत. आणि त्या दिवसापासून मशीनखालचा प्रत्येक धागा मी डब्यात जमा करतो.

पुढचा वैशाख

नारू वर्षानं बाहेर येतो, हे साहेबांचं वाक्य माझ्या डोक्यातून गेलं नव्हतं. वैशाख लागला तसा मी रोज सकाळी दोन्ही पाय तपासू लागलो. माझ्या पायांवर काही आलं नाही.

भागाआत्याच्या आलं. टाचेच्या मागे, तिचा हात पोचणार नाही आणि नजर लागणार नाही अशा जागी.

ती भिंतीतून आली, खाटेवर बसली आणि म्हणाली, "दत्तू, तुरकाठी तासून ठेवली हाय. तूच काढ."

वर्षभर जे पोटात ठेवलं होतं ते बोललो. "आत्या, गेल्या वैशाखात मी बारवेत पाय घातला व्हता. तासभर."

तिनं पाय उचलून माझ्या मांडीवर ठेवला. मग म्हणाली, "ठाऊक हाय मला. धोतराचा काठ ओला घेऊन आलतास. माज्या घरधन्यानं बी घातला व्हता. मी बी घातलाय. कोणाचा नारू कोणाच्या पायात गेला, ह्ये कोण सांगंल? आता ओढू नको म्हंजे झालं."

मी चिरेत टोक अडकवलं आणि एक वेढा दिला.

रोज सकाळी एक आडवं बोट. तेराव्या दिवशी तो अडला. चौदाव्या दिवशीही हलला नाही. आत्याला ताप होता. जरा जोर लावला तर येईल, असं माझ्या बोटांना पक्कं वाटत होतं. गेल्या वर्षीही असंच पक्कं वाटलं होतं. मी काडी तिथेच बांधली, ओली चिंधी ठेवली आणि दोघं अंगणाकडे बघत बसलो. भुरकी त्या वर्षी खुडूक बसली होती आणि तिची सात पिलं आदल्याच आठवड्यात निघाली होती. उजवा, उजवा, टेक, बघ. मागे पिलं उकरत होती, एकदा या पायानं, एकदा त्या पायानं, सरळ.

मला दोन दिवस हेच कोडं पडलं होतं. मी विचारलं, "आत्या, हिची पिलं तिच्यावानी काहून उकरत न्हाईत?"

"पाय तिचा गेला," आत्या म्हणाली. "त्येंचा न्हाई."

पंधराव्या दिवशी वेढा आला. एकोणिसाव्या दिवशी शेवटचं टोक काडीवर आलं, अख्खं. मला राहवेना, मी गळ्यातली मापाची फीत लावायला गेलो. आत्यानं माझ्या हातावर चापट मारली. "मोजतोस काय. चुलीत टाक."

टाकला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मशीनवर होतो. एकोणीस दिवस तिच्या कोंबड्या रखमा सोडत होती. त्या दिवशी रखमा भिंतीपाशी गेली आणि तिथेच थांबली. भागाआत्या काठी न घेता अंगणात आली होती, हळू, टाच जपत. तिनं वाकून खुराड्याची फळी उचलली. काळी आधी बाहेर आली, मग तांबड्या, मग बाकीच्या. शेवटी भुरकी आणि तिची सात पिलं.